न मागितलेल्या सेवेचं बिल आलं तर काय करायचं

आरओची सर्व्हिस, पेस्ट कंट्रोल, चिमणीची सफाई, गॅसची नळी बदलणं, पाण्याच्या टाकीची साफसफाई, आपोआप ‘रिन्यू’ झालेली एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. ह्यातलं काहीही तुम्ही मागवलं नसताना बिल हातात पडलं, तर पहिल्या मिनिटापासून एकच प्रश्न धरून ठेवायचा: हे मागितलं कुणी, कधी आणि कसं? काम चांगलं झालं का, दर वाजवी आहे का, तंत्रज्ञ नीट बोलला का, ह्या चर्चेत शिरलात की मूळ मुद्दा हातातून जातो. कस्टमर केअरला तुम्ही ‘पण एवढे पैसे कसे?’ असं विचारलंत, की त्यांच्या संगणकावर तक्रारीचा प्रकार ‘दराबाबत’ असा पडतो. मग २० टक्के सूट देऊन तक्रार बंद केली जाते, आणि सूट घेतलीत म्हणजे काम मागवलं होतं हे तुम्ही मान्य केलंत, असा अर्थ लावायला ते मोकळे होतात. म्हणून पहिल्या फोनपासून शेवटच्या कागदापर्यंत वाक्य एकच: ‘ही सेवा मी मागितलेली नाही, माझ्या संमतीचा पुरावा द्या.’

सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात वाढवलेली एखादी रक्कम, महावितरणचं बिल, महापालिकेचा मिळकतकर ह्यांचे रस्ते वेगळे आहेत. सोसायटीच्या बाबतीत आधी सर्वसाधारण सभेचा ठराव मागावा लागतो. खाली जे आहे ते खासगी कंपन्या, एजन्सी आणि ॲपवरच्या सेवांबद्दल.

माणूस दारात उभा असताना

निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. पुण्यात असे प्रकार जास्त घडतात ते दुपारी, घरात ज्येष्ठ मंडळी एकटी असताना. आधी फोन येतो: ‘काका, तुमच्या प्युरिफायरची सर्व्हिस ड्यू आहे, आज आमचा मुलगा तुमच्याच भागात आहे, पाठवू का?’ काकांना वाटतं कंपनीचीच सर्व्हिस आहे, फुकट असेल, आणि ते ‘हो, पाठवा’ म्हणतात. आलेला माणूस मशीन उघडतो, सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर बदलतो, ‘मेंब्रेन पण गेलाय’ म्हणत तो क्षार गाळणारा पडदाही बदलतो, आणि ३,५०० अधिक १८ टक्के जीएसटी ६३० असं ४,१३० रुपयांचं बिल पुढे करतो. ‘पाठवा’ ह्या शब्दाला तपासणीची परवानगी म्हणता येईल. सुटे भाग बदलायची परवानगी त्यात येत नाही.

काम सुरू व्हायच्या आधी तुम्ही तिथे असाल, तर ‘मशीन उघडू नका, आधी कामाचं आणि रकमेचं लेखी एस्टिमेट द्या’ एवढं म्हणणं पुरतं. बरेच जण एवढ्यावरच निघून जातात. पाण्यात कांड्यांचं यंत्र बुडवून नळाचं पाणी तपकिरी करून दाखवणारा भेटला तर त्याला तिथेच थांबवा. त्या यंत्रात लोखंडाच्या कांड्या असतात. पाण्यातल्या नेहमीच्या क्षारांमुळे वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून ते पांढरं राहतं. ह्या प्रयोगातून पाण्याच्या शुद्धतेबद्दल काहीच कळत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. खडकवासल्याचं पालिकेचं पाणी मुळात कमी क्षाराचं असतं, बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असू शकतं. तेव्हा आकडा बघायचा तर टीडीएस मीटरवर बघा, पाण्याच्या रंगावर जाऊ नका.

काम होऊन गेलं असेल, तर पुढच्या गोष्टी माणूस घरात असतानाच करा, कारण नंतर त्या करता येत नाहीत.

काढलेले जुने भाग ठेवून घ्या. ते तुमच्या मालकीचे आहेत. ‘कंपनीत जमा करायचे असतात’ असं सांगितलं तर तसं लेखी मागा. जुना मेंब्रेन हातात असला तर तो खरंच निकामी होता का, हे नंतर दुसऱ्या कुणाकडून तपासून घेता येतं. नव्या भागांवरचं नाव, अनुक्रमांक आणि उत्पादनाची तारीख दिसेल असे फोटो काढा. माणसाच्या ओळखपत्राचा फोटो काढा, त्याचा मोबाइल नंबर घ्या. सोसायटीच्या गेटवर वहीत किंवा ॲपवर त्याने स्वतःबद्दल काय नोंदवलं आहे ते त्याच दिवशी बघून ठेवा. कंपनीचं नाव एक आणि गेटवरच्या नोंदीत भलतंच, असं पुष्कळदा निघतं, आणि तो तुमच्या बाजूचा फार बोलका पुरावा असतो.

सहीचं काय? जॉब शीटवर, म्हणजे केलेल्या कामाच्या कागदावर, सही केल्याशिवाय तो हलत नाही. सही टाळता आली तर टाळा. नाहीच टळली तर सहीच्या वर, सहीच्याच शाईने लिहा: ‘न विचारता काम केले. भाग व रक्कम मान्य नाही.’ खाली तारीख आणि वेळ. मग त्या शीटचा फोटो. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने सही मागितली जाते तिथे शेरा लिहायला जागा नसते, म्हणून तिथे सही करू नका.

ओटीपीचा प्रकार आणखी नाजूक आहे. काम सुरू झाल्याची आणि संपल्याची खूण म्हणून कंपन्या फोनवर कोड पाठवतात. काही ठिकाणी त्याला ‘हॅपी कोड’ असं गोड नाव असतं. तुम्ही तो सांगितलात की त्यांच्या नोंदीत ‘ग्राहक समाधानी, काम पूर्ण’ असं उमटतं. पुढे हाच कोड तुमच्या संमतीचा पुरावा म्हणून तुमच्यासमोर ठेवला जातो. कोड आल्यावर आधी एसएमएस पूर्ण वाचा. तो कामाचा आहे, पैशाचा आहे की कर्जाचा, हे त्यात लिहिलेलं असतं. घरातल्या ज्येष्ठांना आणि कामाच्या मावशींना हे एकदा शांतपणे समजावून ठेवा: दारातल्या माणसाला कोड सांगायचा नाही, ‘मुलाला विचारून सांगते’ म्हणायचं.

आणि पैसे. ‘आत्ता निम्मे द्या, बाकीचं ऑफिसशी बोला’ ह्या तोडग्याला हो म्हणू नका. थोडे पैसे देणं म्हणजे व्यवहार मान्य करणं, असाच त्याचा अर्थ पुढे लावला जातो. माणूस अडून बसला, घरात एकटं कुणी असलं आणि सुटका म्हणून पैसे द्यावेच लागले, तर यूपीआयने द्या, रोख देऊ नका. तो गेल्यावर लगेच त्याच नंबरवर आणि कंपनीच्या ईमेलवर लिहा: ‘रु. ४,१३० निषेध नोंदवून, दबावाखाली दिले आहेत. सेवा मागितलेली नव्हती.’ तासाभरात गेलेल्या संदेशाला जे वजन असतं, ते आठवड्याने लिहिलेल्या पत्राला येत नाही. जायला सांगूनही माणूस जात नसेल तर गेटवर फोन करा, आणि धमकीची भाषा झाली तर ११२.

बिल नीट वाचा

बिलाकडे रकमेपलीकडे कुणी बघत नाही. खरं तर पुष्कळ बिलं इथेच कोसळतात.

जीएसटी लावला असेल तर पुरवठादाराचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक बिलावर हवाच. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. हा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर ‘करदाता शोधा’मध्ये टाकला की व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. तिथे भलत्याच फर्मचं नाव आलं, किंवा नोंदणी रद्द झालेली दिसली, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. क्रमांकच नसेल आणि तरी १८ टक्के लावले असतील, तर नोंदणी नसलेल्याला कर गोळा करायचा अधिकारच नाही. ह्या एका वाक्याने फोनवरचा सूर लगेच बदलतो.

समोर कंपनी असेल तर तिच्या बिलावर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, छापणं कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. तुमचं पत्र ह्याच पत्त्यावर जायला हवं. नुसता मोबाइल नंबर आणि ब्रँडचा लोगो असलेला कागद बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, एखाद्या स्वतंत्र एजन्सीचा असतो. तुमच्याकडे ज्या कंपनीचं मशीन आहे तिच्या अधिकृत कस्टमर केअरला फोन करून एकच विचारा: ‘ह्या तारखेला माझ्या नावावर सर्व्हिस रिक्वेस्ट नोंदली होती का? नंबर काय?’ ‘नोंद नाही’ हे उत्तर ईमेलवर मागून घ्या.

एएमसीच्या बिलात कालावधी बघा. जुना करार संपल्याची तारीख आणि नव्याची सुरुवात लागून आली असेल, तर ते आपोआप नूतनीकरण आहे. मूळ कराराची प्रत काढा आणि नूतनीकरणाचं कलम शोधा. तसं कलम असेलच, तर आधी सूचना द्यायची, अमुक दिवसांत नाकारायची मुभा द्यायची, अशा अटी त्यातच असतात. त्या त्यांनी पाळल्या का, एवढंच विचारायचं.

गॅसच्या बाबतीत एक वेगळी खबरदारी. ‘सरकारी तपासणी आहे’ म्हणत येऊन नळी, रेग्युलेटर आणि शेगडीचं सामान विकणारे गावभर फिरतात. तपासणी तुमच्या वितरकाचा माणूस करतो. त्याच्याकडे वितरकाचं ओळखपत्र असतं, आणि गॅसच्या पुस्तकावरच्या नंबरवर फोन केला की दोन मिनिटांत खात्री होते. वितरकाकडूनही शेगडी किंवा इतर वस्तू घ्यायची सक्ती नसते. तेल कंपन्यांचा तक्रार क्रमांक १८००-२३३३-५५५ आहे. गळतीसाठी १९०६.

कायद्यात तुम्ही कुठे उभे आहात

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यात करार व्हायला एकाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याचा स्वीकार लागतो. ‘तुम्ही नको म्हणाला नाहीत, म्हणजे हो’ असं एकतर्फी ठरवून कुणी तुमच्या गळ्यात करार घालू शकत नाही. एएमसी रिन्यू झाल्याचा एसएमएस आला आणि तुम्ही तो वाचलाही नाहीत, एवढ्याने तुमची संमती होत नाही.

पण त्याच कायद्यातलं कलम ७० तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं, आणि ते कुणी सांगत नाही. एखाद्याने कायदेशीरपणे, फुकट करायच्या हेतूने नव्हे, तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर मोबदला द्यायचा किंवा वस्तू परत करायची जबाबदारी तुमच्यावर येते. कायद्यातलंच उदाहरण आहे: व्यापाऱ्याने चुकून तुमच्या घरी माल ठेवला आणि तुम्ही तो आपला समजून वापरलात, तर पैसे द्यावे लागतात. म्हणजे नवा मेंब्रेन वर्षभर वापरायचा आणि बिल आलं की ‘मी मागितला नव्हता’ म्हणायचं, हे टिकायला अवघड.

ह्यावरचा उपाय सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या, पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स ह्या निकालात आहे. तो न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिला. कलम ७० लागू व्हायचं तर समोरच्याला ती वस्तू न स्वीकारण्याची किंवा परत करण्याची मोकळीक असते, आणि त्याने ती परत केली तर हे कलम लागूच होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणून तुमच्या पत्रात ‘तुमचे भाग काढून न्या’ हे वाक्य असलंच पाहिजे, आणि ते लवकर गेलं पाहिजे. भाग काढता येण्यासारखे नसतील, उदाहरणार्थ फवारणी झालेली असेल, तर नाकारायची संधीच दिली गेली नव्हती हे लिहा: कोण घरात होतं, काय सांगून आत आले, काम किती मिनिटांत उरकलं.

घरातल्या प्रौढ माणसाने खरोखर हो म्हटलं असेल, तर मात्र ‘संमती नव्हती’ हा मुद्दा ताणू नका. खोटं बोलून केस कमकुवत होते. तिथे प्रश्न असा होतो की हो कशाला म्हटलं. ‘कंपनीची फ्री सर्व्हिस’ असं खोटं सांगून मिळवलेली संमती करार कायद्याच्या कलम १९ नुसार तुम्हाला रद्द ठरवता येते. कामाच्या मावशींनी केलेली सही ही फार तर माणूस येऊन गेल्याची पोच आहे. तिच्याने तुमचा करार होत नाही.

ॲपवरून झालेल्या व्यवहारात तुमची बाजू आणखी भक्कम आहे. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे संमती ग्राहकाने स्वतः आणि स्पष्टपणे द्यायची असते, आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटी चालत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि १३ प्रकार नावानिशी मनाई केले. न सांगता टोपलीत सेवा घालणं आणि बाहेर पडता येणार नाही असं सदस्यत्व गळ्यात बांधणं, हे दोन्ही त्यात आहेत. नळदुरुस्ती मागवली आणि बिलात ‘वार्षिक प्लॅन’ जोडून आला, तर तक्रारीत ह्या मार्गदर्शक तत्त्वांचं नाव घ्या.

पत्र

फोनवरच्या तक्रारीचा नंबर घ्या, पण त्यावर थांबू नका. बिल मिळाल्यापासून आठवड्याच्या आत ईमेल आणि त्याच दिवशी पोस्टाने पत्र, दोन्ही करा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणून खिडकीवर ‘नोंदणीसह स्पीड पोस्ट, पोच हवी’ असं स्पष्ट सांगा. मग ते नेमक्या पत्त्यावरच्या माणसाच्या हातात जातं. पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा.

पत्र एका पानाच्या वर नको. राग, अपमान, ज्येष्ठांना झालेला त्रास, सगळं खरं असलं तरी ह्या पत्रात त्याला जागा नाही. साधारण असं:

*प्रति, तक्रार निवारण अधिकारी, (कंपनीचे कायदेशीर नाव व नोंदणीकृत पत्ता)*

*विषय: बिल क्र. ____, दि. ____, रु. ४,१३०: अमान्य*

*१. वरील बिलातील सेवा मी किंवा माझ्या घरातील कोणीही मागितलेली नाही.*

*२. दि. ____ रोजी दु. ____ वाजता आपला प्रतिनिधी (नाव, मोबाइल) माझ्या घरी आला. त्याने रक्कम न सांगता व परवानगी न घेता पुढील भाग बदलले: ____ (अनुक्रमांक ____).*

*३. मी हे भाग स्वीकारलेले नाहीत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत, आधी वेळ कळवून, माझे मूळ भाग बसवून आपले भाग काढून न्यावेत.*

*४. माझी संमती होती असे आपले म्हणणे असल्यास त्याच मुदतीत सेवा विनंतीची नोंद, संपूर्ण कॉल रेकॉर्डिंग, माझी सही असलेली जॉब शीट व मान्य केलेले दरपत्रक यांच्या प्रती पाठवाव्यात.*

*५. बिल रद्द केल्याचे व माझ्या नावे कोणतीही बाकी नसल्याचे लेखी कळवावे. (पैसे गेले असल्यास: रु. ____ परत करावेत.)*

*६. तोपर्यंत वसुलीसाठी फोन अथवा भेट करू नये. सर्व पत्रव्यवहार लेखी करावा.*

चौथ्या मुद्द्यातला ‘संपूर्ण’ हा शब्द गाळू नका. कंपन्या कधी कधी शेवटची वीस सेकंदं पाठवतात, ज्यात तुम्ही ‘हो, ठीक आहे’ म्हणता. ते कशाला म्हटलं, हे त्याआधीच्या दोन मिनिटांत असतं.

पैसे आधीच कापले गेले असतील

इथे घड्याळ वेगळं चालतं. तुमच्या परवानगीशिवाय, पिन किंवा ओटीपी न देता रक्कम गेली असेल, तर तो अनधिकृत व्यवहार आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, दोष तुमचा किंवा बँकेचा नसताना, बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर काही भार तुमच्यावर येतो. कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. म्हणून बँकेला आजच कळवा. फसवणुकीचा संशय असेल तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच.

पिन तुम्हीच टाकला असेल तर बँक ह्याला अनधिकृत मानत नाही. तिथे ‘खात्यातून चोरी झाली’ असं न म्हणता ‘न मागितलेल्या सेवेचे पैसे, व्यापाऱ्याशी वाद’ म्हणून तक्रार नोंदवा. क्रेडिट कार्ड असेल तर ‘चार्जबॅक’ (व्यापाऱ्याकडून रक्कम परत मिळवणं) हाच शब्द वापरा. बिलाला हरकत घेतल्यावर ३० दिवसांत कागदपत्रांसह खुलासा देणं कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे.

दरवर्षी आपोआप कापलं जाणार असेल, तर यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडा, चालू मँडेट (पैसे आपोआप कापायची तुमची परवानगी) शोधा, स्क्रीनशॉट काढा, आणि मग रद्द करा. आधी रद्द केलंत तर तो कधी आणि कुणाच्या नावे तयार झाला, हा पुरावा कधी कधी दिसेनासा होतो. कार्डावरच्या मँडेटमध्ये रक्कम कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती आली होती का, हे बघा.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे ईएमआय. ‘सोपे हप्ते’ म्हणत ओटीपी घेतला गेला असेल, तर तुमच्या नावावर कुठल्यातरी वित्तसंस्थेचं कर्ज आहे. हा हप्ता रागाने थांबवू नका, कारण वित्तसंस्था थकबाकी क्रेडिट ब्युरोला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थेला, कळवते. आधी कर्जाचं मुख्य माहितीपत्रक मागा. डिजिटल कर्जात ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून बाहेर पडता येतं, ती मुदत त्यात लिहिलेली असते. पत्राची प्रत वित्तसंस्थेलाही पाठवा. बँक किंवा वित्तसंस्थेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८.

दबाव यायला लागला की

‘तुमचा सिबिल खराब करू’ ही धमकी सर्रास दिली जाते. क्रेडिट ब्युरोकडे माहिती जाते ती मुख्यतः बँका आणि वित्तसंस्थांकडून. आरओची किंवा पेस्ट कंट्रोलची एजन्सी तुमचं बिल तिथे नोंदवू शकत नाही. कर्ज गुंतलेलं नसेल तर ही भीती बाळगायचं कारण नाही.

व्हॉट्सॲपवर वकिलाच्या लेटरहेडची पीडीएफ येते, खाली ‘७ दिवसांत न भरल्यास अटक’. न भरलेल्या बिलाचा वाद दिवाणी असतो, त्यात कुणी अटक करायला येत नाही. पण नोटिशीकडे दुर्लक्ष मात्र करू नका. आधीच्या पत्राची प्रत जोडून चार ओळींचं उत्तर द्या: मागणी अमान्य, पुरावा मागितला होता, मिळालेला नाही. दाव्याची तथ्यं सिद्ध करायचं ओझं दावा करणाऱ्यावर असतं. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १०१ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०४ मध्ये आहे. कोर्टाचं खरं समन्स आलं तर तारखेला हजर राहावंच लागतं.

चॅट, एसएमएस, कॉलची नोंद जपायची तर नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. मूळ फोन आणि मूळ संदेश ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत त्याच अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. फोन बदलताना जुने मेसेज उडून जातात, आणि तक्रार तिथेच लंगडी होते.

१९१५, आणि त्यानंतर

पत्राची मुदत संपली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. बिल, पत्र आणि पोस्टाची पावती अपलोड करा आणि मागणी एका ओळीत लिहा: ‘बिल रद्द करावे’ किंवा ‘रु. ४,१३० परत करावेत’. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत नेऊन तोडगा काढायचा प्रयत्न करते. नाव असलेल्या कंपन्या इथे बऱ्याचदा नमतात. गल्लीतली एजन्सी मात्र नमेलच असं नाही. कागद कुणाला तरी दाखवून घ्यावेत असं वाटलं तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांकडे जा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ही चळवळ पुण्यातच सुरू केली.

त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. इथे एक बारकावा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘ग्राहक’ म्हणजे मोबदला देऊन किंवा द्यायचं कबूल करून सेवा घेणारा. तुम्ही एक पैसाही दिलेला नाही आणि त्या कंपनीशी तुमचा कधीच संबंध नव्हता, तर ‘तुम्ही आमचे ग्राहकच नाही’ असा आक्षेप ती घेऊ शकते. अशा वेळी आयोगात धावायची घाई नको. लेखी नकार देऊन थांबा, वसूल करायचं असेल तर त्यांना कोर्टात जाऊ दे. पैसे गेले असतील, किंवा मशीन अथवा जुना करार त्याच कंपनीचा असेल, तर तुम्ही ग्राहक आहात, आणि तेव्हा आयोग हा योग्य रस्ता.

तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. दाखल करायला १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेलं ई-जागृती पोर्टल आहे. आधी तारखांची यादी करा: माणूस कधी आला, बिल कधी आलं, पत्र कधी पोचलं, उत्तर काय आलं. मग त्या क्रमाने तक्रार, शपथपत्र आणि पानांवर क्रमांक घातलेली कागदपत्रं. शपथपत्र राहिलं किंवा जोडलेले कागद वाचता येत नसले, तर तक्रार त्रुटी काढून परत येते. मागणीत मूळ रक्कम, त्यावर व्याज, त्रासाची भरपाई आणि खर्च वेगवेगळे लिहा, आणि भरपाईचा आकडा वाजवी ठेवा. ४,१३० रुपयांच्या वादात पाच लाख मागितले तर तुमच्या खऱ्या म्हणण्यावरही शंका घेतली जाते. नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तराला ३० दिवस आणि जास्तीत जास्त आणखी १५ मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला स्पष्ट केलं आहे.

बहुतेक प्रकरणं इथवर येत नाहीत. पत्र आणि १९१५ नंतर कंपनीचा फोन येतो: ‘सर, तुमचं बिल क्लोज केलंय.’ फोनवरच्या ह्या वाक्यावर फाइल बंद करू नका. तीन गोष्टी लेखी घ्या: बिल रद्द झाल्याचं आणि बाकी शून्य असल्याचं पत्र, एएमसी असेल तर करार संपल्याची तारीख, आणि जीएसटीचं बिल निघालेलं असेल तर तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे ते बिल हिशेबातून वजा केल्याचा कागद. क्रेडिट नोट निघाली नसेल तर त्यांच्या हिशेबात ते बिल अजून जिवंत असतं, आणि वर्षभराने नवी वसुली एजन्सी तोच आकडा घेऊन पुन्हा फोन करते.